न्यायमूर्ती येती घरा

विश्रांतवाडीत राहणाऱ्याला विश्रांती मिळते, असं फक्त विश्रांतवाडीबाहेरच्या लोकांना वाटतं. आमच्या डोक्यावर लोहगावचा विमानतळ आहे. प्रवासी विमानं निदान वेळापत्रक छापून उशिरा येतात. हवाई दलाची सुखोई तेवढाही शिष्टाचार पाळत नाहीत. ती गेली की फोनवर आपण मघाचं वाक्य पुन्हा म्हणतो आणि पलीकडचा विचारतो, "विश्रांतवाडीला असता वाटतं?" खाली आळंदी रस्ता. त्यावर बस, टेम्पो, फुलेनगरच्या आरटीओत लायसन्सची परीक्षा देऊन नुकतेच बाहेर पडलेले नवशिके आणि ती परीक्षा जन्मात न दिलेले अनुभवी असे सगळे एकाच वेळी चौकात पोचतात. सिग्नल असतो. तो त्याचं काम करतो, लोक त्यांचं.

अशा या वाडीतल्या आमच्या चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकला गेला. "कोणी घेतला रे ३०४?" या प्रश्नाला वॉचमननं दिलेलं उत्तर मला अजून शब्दशः आठवतं. तंबाखू गालात सरकवून तो म्हणाला, "हायकोर्टातले हायेत. रिटायर."

एवढंच. पुढची सगळी बढती आम्ही दिली. तळमजल्यावर ते "हायकोर्टातले कुणीतरी" होते. पहिल्या मजल्यावर "हायकोर्टातले जज" झाले. दुसऱ्यावर "निवृत्त न्यायमूर्ती". आणि चौथा मजला येईपर्यंत ते मुख्य न्यायमूर्ती होऊन सुप्रीम कोर्टात जाता जाता थोडक्यात हुकले होते. आमची लिफ्ट तेव्हा दोन महिने बंद होती. जिन्यानं इतक्या भराभर वर गेलेलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे कोर्टच आमच्या पायऱ्या चढून येणार होतं.

पहिला परिणाम पार्किंगवर झाला. आमच्याकडे पार्किंगचे पट्टे आखलेले आहेत, पण त्यांचा उपयोग मुलं लंगडी खेळायला करतात. गाड्या आपापल्या स्वभावाप्रमाणे उभ्या राहतात. बातमी आली त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरचे सुभेदारसाहेब पट्टी घेऊन खाली उतरले आणि सकाळी सगळ्या गाड्या संचलनाला उभ्या असल्यासारख्या एका रांगेत होत्या. पहिल्या मजल्यावर एकानं बाल्कनी बंद करून तिथे मुलाची अभ्यासाची खोली केली होती. ती एका रविवारात पुन्हा बाल्कनी झाली आणि मुलाचा अभ्यास जितका व्हायचा तितकाच होत राहिला. नोटीस बोर्डावर गेली सहा वर्षं "थुंकू नये" मधला थु दीर्घ होता, तो ऱ्हस्व झाला. आणि सेक्रेटरींनी कपाटातून उपविधींचं पुस्तक काढलं. त्याच्या पानांच्या कडा अजून चिकटलेल्याच होत्या.

ते वाचून सेक्रेटरींना ताप आला. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, हे त्यांना ३ ऑक्टोबरला कळलं. सभेची नोटीस पुरे चौदा दिवस आधी द्यावी लागते, हे तर त्यांना कल्पनेतही शक्य वाटेना. "चौदा दिवस? अहो, चौदा दिवसांत आपल्याकडे तीन अध्यक्ष राजीनामे देऊन परत घेतात!" बऱ्याच थकबाकीदारांनी पैसे भरले. ज्यांचा कुत्रा जिन्यात बसायचा, त्यांनी त्याला आत घेतलं. कुत्र्यानं तिसऱ्या दिवशी घर स्वीकारलं.

तात्पर्य, कायदा पोचायच्या आधी त्याची नुसती अफवा पोचली तरी पुष्कळ काम होतं. मला वाटतं सरकारनं गावोगाव न्यायालयं बांधण्याआधी गावोगाव वॉचमन नेमून बघावेत.

मग तातडीची बैठक झाली. मी बँकेतून निवृत्त झालेला आणि रोज दोन वर्तमानपत्रं शेवटच्या पानापर्यंत वाचणारा असल्यामुळे सोसायटीत माझी विद्वान म्हणून बदनामी आहे. "निवृत्त न्यायमूर्ती म्हणजे नेमकं काय, यावर तुम्ही एक टिपण काढा," अध्यक्ष म्हणाले. मी काढलं. बैठकीत वाचलं. कोणतंही टिपण इतकं लक्ष देऊन ऐकलं गेल्याचं माझ्या बँकेतल्या आयुष्यात घडलं नव्हतं.

पहिला मुद्दा शब्दाचा. जिल्ह्यात असतात ते न्यायाधीश. हायकोर्टात असतात ते न्यायमूर्ती. 'माजी' हा शब्द आमदाराला शोभतो. मूर्ती विसर्जनापर्यंत मूर्तीच असते, म्हणून निवृत्तीनंतरही लोक नावाआधी न्यायमूर्ती लावतात. हाक कशी मारायची, यावर बराच खल झाला. 'माय लॉर्ड' ही इंग्रजांची शिळी भाकर सोडून द्यावी, असं बार कौन्सिलनं २००६ मध्येच ठरवलेलं आहे, हे मी सांगितलं. "पण त्यांनी स्वतः सोडली असेल का?" अध्यक्षांनी विचारलं. धोका नको म्हणून 'माय लॉर्ड' कायम ठेवण्याचा ठराव झाला.

दुसरा मुद्दा वयाचा. हायकोर्टाचे न्यायमूर्ती बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. घटना झाली तेव्हा साठ होतं, १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीनं बासष्ट झालं. सुप्रीम कोर्टाला पासष्ट. "म्हणजे तब्येत ठणठणीत असणार," सुभेदारसाहेब म्हणाले. हे त्यांनी जिन्याकडे बघत म्हटलं.

तिसरा मुद्दा खजिनदारांच्या जिव्हाळ्याचा. घरात न्यायमूर्ती आले म्हणजे वकिलाची फी वाचली, असा त्यांचा हिशेब होता. मी त्यांच्यासमोर घटनेचा अनुच्छेद २२० ठेवला: हायकोर्टाचे कायम न्यायमूर्ती राहिलेल्या माणसाला पुढे वकिली करायची तर ती फक्त सुप्रीम कोर्टात आणि इतर हायकोर्टांत. जिथे बसले तिथे नाही, आणि खालच्या कुठल्याच कोर्टात नाही.

"म्हणजे मुंबईत नाही, पण कर्नाटकात चालेल?"

"चालेल."

"मग आपली सोसायटी बेळगावात असती तर?"

"तरी धारवाडच्या खंडपीठापर्यंत जावं लागलं असतं. आणि आपल्याकडे सोसायटीचा तंटा आधी सहकार न्यायालयात जातो. सहकार कायद्याचं कलम ९१."

खजिनदारांनी बेळगाव प्रश्नावर आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून हळहळ व्यक्त केली.

चौथा मुद्दा मी हौसेनं काढला होता: आपल्याकडच्या न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर काय केलं? तो वाचायला नको होता, असं आता वाटतं.

न्यायमूर्ती म्हटलं की पहिलं नाव रानड्यांचं. पण त्यांच्या वाट्याला निवृत्ती आलीच नाही. १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १६ जानेवारी १९०१ ला गेले, तेव्हा एकोणसाठ पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. तेवढ्या आयुष्यात सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद. आणि १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांना जमवून पहिलं संमेलनही त्यांनी भरवलं. "नोकरी सांभाळून?" खजिनदारांनी विचारलं. हो, नोकरी सांभाळून. आमच्या सोसायटीत नोकरी सांभाळून पाण्याचा पंप चालू करायला कोणी तयार नसतो.

मग तारकुंडे. सासवडचे. १९५७ पासून १९६९ पर्यंत मुंबईचे न्यायमूर्ती. तिथून उतरले ते सुप्रीम कोर्टात वकिली करायला, म्हणजे अनुच्छेद २२० नं उघड्या ठेवलेल्या दारातून सरळ आत. आणीबाणीत आणि नंतर नागरिकांच्या हक्कांसाठी ते जन्मभर झगडत राहिले. हे ऐकून सेक्रेटरींनी थकबाकीदारांची नावं बोर्डावर लावण्याचा बेत गुपचूप खिशात घातला.

मग चंद्रशेखर धर्माधिकारी. १९७२ ते १९८९ न्यायमूर्ती. निवृत्तीनंतर डहाणू तालुक्याच्या पर्यावरणाचं रक्षण करणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि वर्षानुवर्षं त्या तालुक्याच्या झाडा-समुद्रावर पहारा देत राहिले. इथे अध्यक्ष एकदम खोकले. गेटजवळचा गुलमोहर तोडून दोन गाड्यांची जागा करायची योजना त्यांची होती.

आणि शेवटी नरेंद्र चपळगावकर. बीडचे. १९९० ते १९९९ न्यायमूर्ती. मग इतकं लिहिलं, आणि इतकं चांगलं लिहिलं, की २०२३ मध्ये वर्ध्याच्या शहाण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १८७८ च्या रानड्यांपासून २०२३ पर्यंत मराठी साहित्यावर हायकोर्टाचा ताबा सुटलेला नाही.

"म्हणजे हे लिहितातसुद्धा?" तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं. आणि मग खोलीत जी शांतता पसरली, तिच्यात प्रत्येक जण आपण त्या पुस्तकात कोणत्या पानावर असू, याचा अंदाज घेत होता.

एक मुद्दा टिपणात नव्हता, तो सुभेदारसाहेबांनी घातला. येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह इथून हाकेच्या अंतरावर. "साहेबांनी पाठवलेले काही जण त्यांच्या आधीच या भागात राहायला आले असतील," ते म्हणाले. "ओळखीपाळखी निघतील."

ठरलेल्या दिवशी सकाळी साडेदहाला टेम्पो आला. सामान बघून सेक्रेटरी जरा बुचकळ्यात पडले: एक लोखंडी कपाट, दोन खाटा, शिलाई मशीन, पितळी हंडा, आणि एक भजनी पेटी. "साधी राहणी," अध्यक्ष पुटपुटले. मागच्या रिक्षातून साहेब उतरले. उंच, ताठ, पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. चाल अशी, की आमच्या रांगेतल्या प्रत्येकाचं पोट आपोआप आत गेलं. त्यांच्या एका एका पावलात हायकोर्ट होतं.

अध्यक्षांनी गुलाबांचा गुच्छ पुढे केला, कंबरेत वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माय लॉर्ड!"

तो शब्द कानावर पडताच ते गृहस्थ विजेचा झटका बसल्यासारखे बाजूला झाले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि अदबीनं मागे बघू लागले. मागे रिक्षावाला सुटे पैसे मोजत होता. आम्हीही रिक्षावाल्याकडे बघू लागलो. असं अर्धं मिनिट गेलं.

"कोण आलंय?" त्यांनी शेवटी हळूच विचारलं.

तीस वर्षांची सवय होती ती. ते पुढे आणि लॉर्ड मागे. आमचे न्यायमूर्ती हायकोर्टातले चोपदार होते.

ज्यांनी हायकोर्ट आतून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. न्यायमूर्ती आपल्या दालनातून न्यायासनाकडे निघाले की त्यांच्या पुढे एक माणूस चालतो. तो दिसला की कोर्ट उभं राहतं. तो खुर्ची मागे घेतो, साहेब पुढे येतात, तो खुर्ची बरोबर गुडघ्यामागे सरकवतो, साहेब बसतात, मग राज्यात न्याय सुरू होतो. तो चोपदार. चोप म्हणजे दंड, आणि दंड धरणारा तो चोपदार. हा शब्द राजेरजवाड्यांच्या दरबारातून चालत कोर्टात आला.

अध्यक्ष दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. पार्किंगचे पट्टे पुन्हा लंगडीला मोकळे झाले. बाल्कनीवाल्यानं सुताराला फोन केला. फक्त कुत्र्यानं बाहेर यायला नकार दिला.

मी मात्र रोज संध्याकाळी ३०४ मध्ये जाऊन बसू लागलो. मामा (आम्ही त्यांना चोपदारमामा म्हणू लागलो) मूळचे रत्नागिरीकडचे. माझ्या टिपणात न्यायमूर्ती जसे होते तसे पुस्तकात सापडतात. मामांनी ते मागून पाहिले होते. आणि माणूस मागून जास्त खरा दिसतो.

"वर निकाल चालू असतो ना साहेब," मामा म्हणाले, "तेव्हा खाली टेबलाच्या आड बूट काढलेले असतात. साडेतीन वाजले की बहुतेकांचे. कोर्ट उठताना ते बूट पायानं शोधायचे. मी बघत नाही असं दाखवायचं, पण एखादा लांब गेला असला तर अलगद पुढे सारायचा. हे काम कुठल्या नियमात नाही."

साहेबांनी चष्मा काढला म्हणजे युक्तिवाद पटला नाही. चष्मा पुसायला घेतला म्हणजे ठरलं. चहा बिनसाखरेचा, पण बिस्किट मात्र दोन. रात्री घरी फायली. सकाळी डोळे लाल. "लोक म्हणतात जजसाहेबांना सुट्ट्या फार. सुट्टीत कोर्ट बंद असतं हो, निकाल लिहायचे कोण बंद ठेवतो?" मुंबई हायकोर्टात मंजूर पदं ९४, आणि सगळी एकदम भरलेली मामांनी पाहिल्याचं आठवत नव्हतं. "खुर्ची रिकामी असली की पुसायला लागत नाही, एवढंच. शेजारच्या खुर्चीवरचा ढीग वाढतो."

इमारतीबद्दल मात्र ते घरच्या वाड्याबद्दल बोलावं तसं बोलत. हायकोर्ट सुरू झालं १८६२ मध्ये; आजची इमारत कर्नल फुलर यांनी १८७१ मध्ये बांधायला घेतली, १८७८ मध्ये पुरी केली. खर्च आला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये, मंजूर अंदाजापेक्षा अडीच-पावणेतीन हजारांनी कमी. हा आकडा मी खजिनदारांना मुद्दाम सांगितला. आमच्या सोसायटीच्या रंगकामाचा खर्च अंदाजाच्या दुपटीवर गेला होता आणि रंग अजून तीनच बाजूंना लागला होता. "त्या काळी मजुरी स्वस्त होती," खजिनदार म्हणाले. स्वस्त मजुरीतही अंदाज चुकवता येतो, हे त्यांच्यासारख्या तज्ज्ञाला मी काय सांगणार?

त्या इमारतीत एका खांबावर माकड कोरलेलं आहे. हातात न्यायाचा तराजू, आणि एका डोळ्यावर पट्टी. न्यायदेवतेच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी असते, याच्या एकाच. कंत्राटावरून बिनसलेल्या एका पारशी ठेकेदारानं ते राग म्हणून कोरून ठेवलं, असं सांगतात. "रोज त्याच्यापुढून साहेबांना घेऊन जायचो," मामा म्हणाले. "एक साहेब तिथे आले की जरा थांबायचे. म्हणायचे, चला, हजेरी लागली."

आणि शेहेचाळीस नंबरचं कोर्ट. तिथेच १९०८ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. गंमत अशी की १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांसाठी जामीन मिळवला होता. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या कोर्टाबाहेर टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांची पाटी बसवली. "लोक येतात, ती पाटी वाचतात, हात जोडतात," मामा म्हणाले. "ज्यांनी शिक्षा दिली त्यांचं नाव आता फक्त ज्यांना शिक्षा झाली त्यांच्यामुळे कळतं. नवीन साहेब आले की मी त्यांना एकदा त्या बाजूनं नेऊन आणायचो. काही बोलायचो नाही. बोलायचं आमचं काम नाही."

निवृत्तीचं मी विचारलं, तेव्हा मामा जरा वेळ गप्प होते.

"निरोपाच्या दिवशी भाषणं होतात. ज्या वकिलांचे अर्ज साहेबांनी जन्मभर फेटाळले, ते सगळ्यात लांब बोलतात. गाडीपर्यंत सोडायला सगळे. दुसऱ्या सोमवारी मी सहज एका साहेबांच्या घरी गेलो होतो, राहिलेली पुस्तकं पोचवायला. जेवायची वेळ होती. साहेब टेबलाजवळ आले आणि उभे राहिले. बसेनात. बाईसाहेब म्हणाल्या, अहो बसा की, कुणाची वाट बघताय? साहेबांना कळेना. मला कळलं. मी गेलो, खुर्ची मागे घेतली, पुढे सरकवली. साहेब बसले. आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो. बाईसाहेबांना अजून वाटतं, आम्ही त्यांच्या आमटीला हसलो."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "लोकांना वाटतं जजसाहेबांना पगार निकाल देण्याचा मिळतो. खरं म्हणजे ऐकण्याचा मिळतो. दिवसभर एकाचं ऐकायचं, मग दुसऱ्याचं ऐकायचं, आणि मध्ये 'मला माहितेय' म्हणायचं नाही. तुम्ही अर्धा तास करून बघा."

मी घरी येऊन करून बघितलं. सातव्या मिनिटाला हिनं विचारलं, "तुम्हाला बरं नाहीये का?"

आमच्या सोसायटीचा सर्वांत जुना खटला २०३ विरुद्ध ३०३. २०३ च्या बाथरूमचं छत गळतं. ३०३ म्हणतात, आमच्याकडून नाही. चार वर्षं चाललंय. २०३ वाल्यांनी छताखाली बादली ठेवली असून शेजारी एक शंभर पानी वही टांगली आहे. तिच्यात दर मिनिटाला पडणारे थेंब रोज सकाळ-संध्याकाळ लिहिलेले असतात. ३०३ वाल्यांकडे त्यांच्या बाथरूमच्या कोरड्या फरशीचे दोनशे फोटो आहेत. प्रत्येक सभेत हे दोघे एकाच वेळी बोलतात, त्यामुळे चार वर्षांत त्यांचं म्हणणं नेमकं काय ते कुणालाच कळलेलं नव्हतं. मुख्यतः एकमेकांना.

नंतरच्या सभेला मामा प्रथमच सभासद म्हणून आले. आले तेही कसे? दारातून आत पाऊल टाकलं आणि आम्ही सगळे उभे राहिलो. का, ते कुणालाच सांगता येईना. तीस वर्षं ज्याच्या येण्यावर माणसं उभी राहिली, त्याच्या चालण्यातच काहीतरी मुरलेलं असणार. मग उठलोच आहोत म्हणून सगळे गप्पही झालो.

२०३ वही घेऊन सुरू झाले. ३०३ नी तोंड उघडलं. मामांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि तळहात इंचभर वर केला. ३०३ चं तोंड मिटलं. वीस मिनिटं २०३ बोलले. जून-जुलैतले थेंब, दिवाळीतले थेंब. मग तळहात दुसऱ्या बाजूला वळला आणि ३०३ बोलले. कोरडी फरशी, नवीन नळ, प्लंबरची पावती. दोघांचंही संपलं. खोलीत कुणी बोलेना. वरून एक विमान गेलं, तेवढाच आवाज.

"निकाल द्या ना मामा," अध्यक्ष म्हणाले.

"मी कसला निकाल देणार? मी चोपदार." मामा उठले. "फक्त एक ऐकू आलं. हे म्हणतात पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात नाही. ते म्हणतात आमचं बाथरूम बारा महिने तेवढंच वापरतो. दोघंही खरं बोलतायत."

दोघंही खरं बोलत असतील, ही शक्यता चार वर्षांत कुणाला सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप तपासला. तिसऱ्या मजल्याच्या सांध्यात तो फुटलेला होता. तो पाइप ना २०३ चा, ना ३०३ चा, उपविधींप्रमाणे सोसायटीचा. खर्चही सोसायटीचा. म्हणजे चार वर्षं आरोपी अध्यक्षस्थानी बसून सुनावणी घेत होता.

पाइप बदलला. आता २०३ मधली बादली कोरडी राहते. पण सवयीनं ते सकाळी जाऊन बघतात आणि तारखेपुढे शून्य लिहितात.

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघाली की दुसऱ्या दिवशी आमच्याच रस्त्यानं दिघी, कळस करत विश्रांतवाडीवरून पुण्याकडे जाते. तो एक दिवस आळंदी रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नाही. यंदा मामांबरोबर रस्त्याच्या कडेला उभा होतो. रथापुढच्या सत्तावीस दिंड्या टाळ-मृदंगाच्या गजरात चालल्या होत्या, मधून दंड घेतलेले चोपदार. "ते आमचे खरे थोरले," मामा म्हणाले. दर वर्षी सुट्टी काढून ते चार मुक्काम तरी चालायचे.

मग त्यांनी सांगितलं ते मला न्यायशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि सगळा तळ क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, विचारतात, ऐकून घेतात. गाऱ्हाणं मांडून झालं की ते टाळही थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात, दुसऱ्या दिवसाची वेळ सांगतात, आणि आरती होते.

"एवढंच असतं साहेब," मामा म्हणाले. "सगळे गप्प झाल्याशिवाय कुणाचे टाळ वाजतायत ते ऐकू येत नाही."

रानडे, तारकुंडे, धर्माधिकारी, चपळगावकर यांच्याबद्दल मी टिपणात इतकं लिहिलं होतं; ते खुर्चीवरून उतरल्यावर किंवा खुर्चीवर असतानाच बाहेर पडून काय करत होते, हे मला तेव्हा कळलं. वाजणारे टाळ ऐकत होते. त्याला निवृत्तीचं वय नसावं.

आमच्या सोसायटीत निवृत्त न्यायमूर्ती अजून आलेले नाहीत. पण ३०४ च्या समोरचा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. दोन बेडरूम, पूर्वेची बाल्कनी, गेटजवळ गुलमोहर (शाबूत). विमानांचा आवाज आहे, पाणी एक दिवसाआड टँकरचं, लिफ्ट सुरू व्हायची आहे. गळती नाही. बासष्टी उलटलेल्या कुणा न्यायमूर्तींना खरोखरच विश्रांती घ्यायची असेल, तर त्यांनी जरूर चौकशी करावी. खुर्ची ओढायला माणूस शेजारीच आहे.